भोयरजींनी टांगलेला जावई

मे महिना, ऐन दुपार. नागपूरचं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना त्याबद्दल सांगायला नको, आणि ज्यांनी नाही खाल्लं त्यांना सांगून पटायचं नाही. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, खिडक्यांना वाळ्याचे पडदे, पडद्यांवर पाणी, आणि पडद्यांआड आम्ही सगळे फरशीवर आडवे. बाहेर अंगणात मात्र, ज्या लोखंडी खुर्चीला आम्ही दिवे लागेपर्यंत हात लावला नसता, तिच्यावर बसून एक माणूस वाफाळता चहा पितोय. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. माझ्या नवऱ्यानं पडदा किलकिला करून ओरडावं, "भोयरजी, आत या ना बापा! लू लागून जाईन!" मग भोयरजींनी कप खाली न ठेवता एकदा आकाशाकडे बघावं, जरा विचार करावा आणि निकाल द्यावा.

"कोमट आहे."

श्रावणजी भोयर हे आमचे शेजारी आणि माझ्या ऑफिसातले वरिष्ठ. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. अमरावती रोडवर वाडीला तेव्हा ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं एकाला लागून एक उभी राहत होती. त्या गोदामांच्या पाठीमागे भाड्याच्या खोल्यांची एक ओळ होती. टोकाच्या दोन खोल्यांत भोयरजी आणि त्यांची मुलगी शोभा, आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून आम्ही दोघं नवरा-बायको. आमचे हे एका गोदामात क्लार्क होते. मी थोडं पुढे असलेल्या सरकारी प्रयोगशाळेत टायपिस्ट.

प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना काचेच्या नळ्या आणि रंगीत पाणी आठवतं. आमच्याकडे नुसत्या भट्ट्या होत्या. विमानाच्या इंजिनात बारीक बारीक पाती असतात, ती लालभडक तापतात आणि तापलेलीच गरगर फिरतात. फिरता फिरता ती केसभर जरी लांबली तरी बाजूच्या कवचाला घासतात, आणि मग विमानाचं आणि विमानातल्यांचं काय होतं ते सांगायला नको. तेव्हा आधी त्या धातूची बोटाएवढी कांडी करायची, ती भट्टीत टांगायची, खालून वजन लावायचं आणि वाट बघायची. आठवडे, कधी महिने. बाजूला घड्याळासारखी एक तबकडी असते, तिचा काटा कांडी किती लांबली ते सांगतो. शेवटी कांडी तुटते. तुटली की निकाल. या खात्याचे प्रमुख भोयरजी.

हजार अंशांच्या भट्टीपुढे ज्याची हयात गेली त्याला आपलं ऊन कोमट वाटणारच, एवढं मी मान्य करते. पण हे प्रकरण उन्हावर थांबलं असतं तर ना! नळावर बायकांची जुंपली, एकमेकींच्या बादल्या फेकून झाल्या, की भोयरजी बाजूनं जाताना म्हणणार, "कोमट भांडण आहे." मैदानात पुढाऱ्याचं भाषण झालं, लोकांचे हात टाळ्यांनी लाल झाले, भोयरजी म्हणणार, "कोमट बोलला." आमच्या ह्यांना एकदा सणसणून ताप भरला होता. शेजारधर्म म्हणून भोयरजी भेटायला आले, कपाळावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "घाबरू नका ताई, कोमट आहे." हे त्या तापातही उठून बसले आणि मला म्हणाले, "याले बाहेर काढ."

दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. खरं तर आवाज नाही, हादरा. टांगलेल्या कांडीला हादरा बसला की मोजमाप बिघडतं, म्हणून त्यांच्या खात्यात कापडी सपाता घालून चालायचं, दार आपटायचं नाही, स्टूल सरकवायचं नाही, उचलून ठेवायचं. मी नोकरीवर रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी टाइपरायटरवर चार ओळी बडवल्या नसतील, तोच भोयरजी दारात उभे.

"ताई, जरासं हळू ठोकता का?"

मी म्हटलं, "साहेब, टाइपरायटर आहे हा. हळू ठोकला तर अक्षर उमटत नाही."

त्यावर ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर माझ्या टाइपरायटरखाली चार घोंगड्या. घड्या करून, एकीवर एक. पुढची सगळी नोकरी मी गादीवर बसवलेल्या त्या यंत्रावर टाइप केलं. ओळ संपून कॅरेज सरकवलं की टाइपरायटर माझ्याकडे कलायचा आणि मी त्याला पोटानं परत ढकलायचे.

घरी तरी सुटका असावी की नाही? आमच्या ओळीतल्या एकूण एक दाराच्या चौकटीला भोयरजींनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. कुणाला विचारलं नाही. रविवारी सकाळी उठले आणि कात्री घेऊन सुरू झाले. आमच्याकडे कुणाला रागानं दार आपटून निघून जायची सोयच राहिली नाही. मी एकदा चांगली चिडून बाहेर पडले आणि दार धाडकन लोटलं, तर ते 'फुस्स' करून बसलं. आतून नवऱ्याचं हसू ऐकू आलं आणि भांडण तिथंच संपलं.

आणि ट्रक! वाडीत राहून ट्रकशी वैर धरणं म्हणजे नदीकाठी राहून पाण्याशी वैर धरण्यासारखं. पण माल भरलेला ट्रक प्रयोगशाळेसमोरून दणदणत गेला की भोयरजींचा जीव कासावीस व्हायचा. त्यांनी अर्ज केले, फलक लावला, काही होईना. शेवटी ते स्वतःच रस्त्याच्या कडेला उभे राहू लागले. ट्रक दिसला की पंजा खाली करून हळूहळू दाबल्यासारखा करायचा आणि म्हणायचं, "आस्ते, भाईसाब, आस्ते." ड्रायव्हर थांबले तर त्यांना टपरीवर नेऊन चहा पाजायचा आणि विमान कसं पडतं ते समजावून सांगायचं. आमचे हे सांगायचे की पंजाबपासून मद्रासपर्यंतचे ड्रायव्हर गोदामात विचारतात, "वो आस्ते साहब कैसे हैं?" आणि खरंच, त्या तुकड्यापुरते ते गाडी हळू घेत. कुणी हातानं नमस्कारही करत.

माणसांबद्दलही त्यांचं एक ठरलेलं मत होतं. ते मत तुम्हाला आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं लक्षात यायचं नाही. ते म्हणायचे, "एका दणक्यात कोण तुटते हे पाहून काही समजत नाही गा. दणका तर कोणीही खाऊन घेते. वजन थोडंसं लावा, रोज लावा, अन् मंग पाहा कोण किती लांबते." ऑफिसात नवा माणूस आला की सगळे त्याच्या डिग्र्या विचारायचे. भोयरजी त्याला रोज स्वतःबरोबर डबा खायला बसवायचे आणि पाटबंधाऱ्यात काम करणाऱ्या आपल्या एका मावसभावाची तीच ती गोष्ट सांगायचे. जो महिनाभर हूं हूं म्हणत ऐकायचा, तो पास.

तर अशा माणसाच्या घरात लग्नाची मुलगी होती.

शोभाची आई काही वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घर शोभाच बघायची. उंच, सावळी, बोलायला गोड, आणि बापाला न दुखावता त्याची चेष्टा करण्याची कला फक्त तिलाच साधलेली. तिला भिवापूरकडचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा विलास, खापरखेड्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर नोकरी, राहायला तिथलाच क्वार्टर. घरी भिवापूरला मिरचीची शेती. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मंडळी बघायला आली. पोहे वाढायला मी होते, म्हणून पुढचं सगळं मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मुलाच्या वडिलांनी येताना घरच्या लाल मिरचीची पिशवी आणली होती. अभिमानानं पुढं ठेवत म्हणाले, "आमच्याकडची मिरची आहे, साहेब. जपून." झालं! भोयरजींनी पिशवीत हात घातला, एक अखंड मिरची काढली आणि पापडासारखी चावून खाल्ली. सगळे श्वास रोखून बघताहेत. कान लाल झाले, कपाळावर घामाचे थेंब आले, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"कोमट आहे," भोयरजी म्हणाले. शब्द निम्मेच बाहेर आले.

मुलाच्या वडिलांचा चेहरा पडला. तेव्हा विलासनं, त्या गोल चेहऱ्याच्या, शांत मुलानं, आपल्या बशीशेजारी ठेवलेला गुळाचा खडा हळूच भोयरजींकडे सरकवला आणि खिडकीबाहेर बघू लागला. आतल्या दारात उभी असलेली शोभा हसली. मी म्हटलं, ठरलं लग्न.

पण ठरवणारे भोयरजी होते. गूळ खाऊन त्यांचा आवाज परत आल्यावर त्यांनी मुलाला विचारलं, "बॉयलरवर आहे म्हणता. किती गरम असते तिथं?"

"वाफ पाचशेच्या वर असते, बाबाजी."

"कोमट आहे. पण सवय तर आहे थोडीशी." मग ते वडिलांकडे वळले. "पोट्टा चांगला वाटते. पण मी कोणालेच नुसतं पाहून पास करत नाही. टांगावं लागते."

मुलाच्या आईच्या घशात पोहे अडकले. "कोणाले टांगता?"

"पोट्ट्याले," भोयरजी म्हणाले. त्यांनी मग सगळं समजावून सांगितलं. विलासनं दर रविवारी सकाळी इथं यायचं, संध्याकाळी परत जायचं. वजन थोडंसंच लावू. मध्ये कुणी हात लावायचा नाही. निकाल आला की कळवू.

आजवर मुली बघण्याच्या कार्यक्रमात मुलीला गायला लावलेलं, चालायला लावलेलं, सुईत दोरा ओवायला लावलेलं मी ऐकलं होतं. मुलाला टांगायचं म्हणणारा बाप मी पहिल्यांदाच बघत होते आणि खरं सांगते, मला मनातून बरंच वाटलं. मुलाचे वडील उठायच्या बेतात होते. पण विलास म्हणाला, "येतो ना, बाबाजी. रविवारी सुट्टीच असते." एवढं बोलून त्यानं उरलेले पोहे संपवले.

आणि तो यायला लागला. सकाळच्या बसनं उतरायचा, हातात काहीतरी भाजी, कधी संत्री. पहिल्या रविवारी त्याला रॉकेलच्या रांगेत उभं केलं. मग वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावलं, तेही अग्रलेख आणि बाजारभाव. मग मावसभावाची गोष्ट. विलासनं ती दर रविवारी ऐकली आणि दर वेळी योग्य ठिकाणी "अरे बापा!" म्हटलं. पत्ते खेळताना भोयरजी चक्क त्याच्यासमोर पानं बदलायचे. विलास हरायचा आणि परत वाटायचा. आमच्या ओळीतल्या लोकांना नवीनच करमणूक मिळाली. दुपारी हे पडद्याआडून विचारायचे, "भोयरजी, आज काय लावलं?" आणि भोयरजी गंभीरपणे सांगायचे, "आज भाजीत मीठ नाही टाकू दिलं."

उन्हाळा आला तशी अंगणात दुसरी लोखंडी खुर्ची आली. भर दुपारी दोघं शेजारी शेजारी बसलेले, हातात गरम चहा. विलासच्या कानामागून घामाच्या धारा. भोयरजींनी विचारलं, "काय वाटते?" विलासनं आकाशाकडे पाहिलं, खूप विचार केला आणि म्हणाला, "ऊन आहे, बाबाजी." खोटं नाही बोलला. मला तो तेव्हापासून फार आवडला.

गंमत म्हणजे वजन वाढवायचे भोयरजी आणि वाढायचं विलासचं. शोभाच्या हातचं जेवून जेवून तो गरगरीत होत चालला होता. भांडी घासायला तो तिच्याबरोबर मोरीवर बसायचा. तिथं काय बोलणं चालायचं ते नळाच्या आवाजात ऐकू येत नसे, आणि मी प्रयत्न केला नाही असं मुळीच नाही. शोभा शनिवारी रात्रीच रविवारची साडी काढून ठेवू लागली. शेवटची बस निघाली की ती दारातच उभी दिसायची.

पावसाळा गेला, दसरा गेला, दिवाळीही गेली. निकाल काही लागेना. मुलाचे वडील भिवापूरहून दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले ते बसलेच नाहीत. अंगणात उभ्या उभ्याच म्हणाले, "साहेब, वर्ष होऊन राहिलं! आता काय पोट्ट्याले उकळून पाहता का? लोक विचारते आम्हाले. उमरेडचं एक स्थळ आहे, ते लोक पुढच्या सोमवारी सुपारी फोडाले तयार आहे. रविवारपर्यंत हो म्हणा, नाहीतर आमचा रामराम घ्या."

भोयरजी म्हणाले, "निकाल आल्याबरोबर कळवतो." चहा न घेताच पाहुणे गेले.

संध्याकाळी शोभा माझ्याकडे आली. तांदूळ निवडते म्हणून माझ्या हातातलं सूप घेतलं आणि खडे सोडून तांदूळच बाजूला काढत बसली.

"काकू, तुम्ही बोला ना बाबाशी. ते तुमचं ऐकते."

"माझं काहून ऐकीन वं?"

"तुम्ही त्यांचे रिपोर्ट टाइप करता ना. ते म्हणते, तुम्ही एक आकडा चुकवत नाही." मग खाली मान घालून, "मले दुसरा कोणी नोको, काकू. अन् बाबाले मी तोंडानं कशी सांगू?" सुपातल्या तांदळावर टपकन पाणी पडलं. नेहमी बापाला हसवणारी मुलगी. मला असला संताप आला की काय सांगू. माणूस म्हणजे काय धातूची कांडी आहे?

दुसऱ्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत मी चपला दाराबाहेर काढल्या आणि थेट भट्टीच्या खोलीत गेले. भोयरजी एकटेच होते, तबकडीला भिंग लावून काटा बघत होते. आयुष्यात मी भांडणं पुष्कळ केली, पण एवढं कडाक्याचं भांडण कुजबुजत करायची वेळ ती एकच.

"भोयरजी, काय मांडलं हे तुम्ही?"

"हळू, ताई."

"हळूच बोलून राहिली मी. सोमवारी ते लोक उमरेडले जाते. तुम्ही हो काहून म्हणत नाही?"

"निकाल नाही आला ना अजून."

"काहून नाही आला?"

"तुटला नाही ना पोट्टा."

"मंग चांगलंच आहे ना ते!"

"हळू, ताई. चांगलं आहे. पण तुटल्याशिवाय किती टिकते हे कसं सांगू?"

"अन् तुटला असता, तर पोरगी दिली असती?"

त्यांनी भिंग खाली केलं. प्रामाणिक माणूस, विचार करून म्हणाले, "नसती दिली."

"म्हणजे तुटला तर लग्न नाही, अन् नाही तुटला तर निकाल नाही. मंग पोरीनं लग्न करावं कधी?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. वर्षभरात ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती असं नाही, पण कुणी ती अशी समोर ठेवली नव्हती. मी सोडते की काय! म्हटलं, "तुमच्याच रिपोर्टात असते ना? इंग्रजीत असते, पण अर्थ तर मले समजते. नमुना तुटला नाही, चाचणी थांबवली. किती वेळा टाइप केलं मी. विमानाच्या पात्याले हे चालते, अन् आपल्या शोभाले चालत नाही?"

भट्टी नुसती गुं गुं करत होती. भोयरजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला, परत काढला.

"ताई, खरं सांगू का तुम्हाले?"

"सांगा."

"पोट्टा पहिल्याच रविवारी पास झाला होता."

मी बाजूचं स्टूल न सरकवता उचलून घेतलं आणि त्यावर बसले.

"त्याले बसमध्ये बसवून दिलं. बस गेली. अन् मी तिथंच उभा. समोरून ट्रक जाऊन राहिले धाडधाड, अन् मी एकालेही हात नाही दाखवला. मंग ध्यानात आलं, मी पुढच्या रविवारची वाट पाहून राहिलो. तवाच समजलं, झाला पास."

"मंग वर्षभर काय चालवलं हे?"

भोयरजी भट्टीकडे बघत होते. "रविवारी घरात तीन ताटं लागते, ताई. शोभाची आई होती तवा लागत होते. मंग दोनच. आता लग्न लावून दिलं, का दोघंही खापरखेड्याले. मंग एकच ताट. मी म्हटलं, चाचणी चालू राहू द्या जराशी. या रविवारी सांगू, त्या रविवारी सांगू."

माझा राग कुठल्या कुठे गेला. या माणसाला आम्ही वर्षभर हसत होतो, पडद्याआडून 'आज काय लावलं' म्हणून विचारत होतो, आणि हा आपला एकेक रविवार पदरात पाडून घेत होता. मला त्यांची इतकी कीव आली आणि तितकीच शोभाची, की मी कुजबुजायचं विसरले. चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "अहो, पण पोरीचं काय?"

या वेळी त्यांनी 'हळू' म्हटलं नाही.

"हो ना," ते म्हणाले. "माझ्यापायी पोरीचं वर्ष गेलं." त्यांनी कपाटातून टोपी काढली, डोक्यावर ठेवली, मला म्हणाले, "ताई, तेवढी माझी अर्ध्या दिवसाची रजा सांगून देजा," आणि कापडी सपातांवरच बस स्टँडकडे निघाले. भिवापूरला पोचून त्यांनी दारातूनच सांगितलं म्हणे, "चाचणी थांबवली." मुलाच्या आईला वाटलं लग्न मोडलं. ती रडायला लागली. मग सगळं उलगडेपर्यंत घरात नुसता गोंधळ.

लग्न भिवापूरला झालं. वऱ्हाड न्यायला ड्रायव्हर मंडळींनी आपण होऊन ट्रक दिला. आस्ते साहब की बेटी की शादी, मग काय विचारता! ट्रकला झेंडूच्या माळा, आत गाद्या, आणि सरदारजीनं तो इतक्या जपून, इतका हळू चालवला की मुहूर्त टळायची वेळ आली. वाटेत बैलगाड्या आम्हाला मागे टाकून जात होत्या. शेवटी भोयरजीच उठले आणि केबिनच्या छपरावर थापा मारत ओरडले, "भगाव, भाईसाब, भगाव!" त्यांना ओरडताना आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. हे तर हसता हसता गादीवर लोळले.

परत आल्यावर ओळ सुनी सुनी वाटायला लागली. भोयरजी वेळेवर ऑफिसला यायचे, वेळेवर जायचे, माझ्या घोंगड्या सारख्या करून द्यायचे. शनिवारी मात्र सुट्टी झाली तरी रेंगाळत होते. मी म्हटलं, "भोयरजी, उद्या जेवाले आमच्याकडं या." तर म्हणाले, "नाही ताई, करतो मी थोडंसं. एकट्याले काय लागते?"

रविवारी मी केस वाळवत खिडकीशी बसले होते. नेहमीची सकाळची बस थांबली. आधी विलास उतरला, हातात संत्र्यांची पिशवी. मागून शोभा, नवी कोरी साडी, हातभर हिरव्या बांगड्या. अजून हळद उतरली नव्हती. कुणी बोलावलं नव्हतं, कसला सणवार नव्हता. विलास नेहमीसारखा सावकाश चालत आला आणि भोयरजींच्या दारात उभा राहिला. आतून स्टोव्हचा आवाज येत होता, तो एकदम थांबला.

"अरे! तुम्ही कसे काय?" भोयरजींचा आवाज.

"रविवार आहे ना, बाबाजी," विलास म्हणाला आणि चपला काढून आत गेला.

थोड्या वेळानं आमच्या दारात भोयरजी. हातांना पीठ, सदऱ्याला पीठ, चष्म्याच्या एका काचेवरसुद्धा पीठ.

"ताई, कणीक आहे का जराशी?"

"आहे ना. किती देऊ?"

"दोघांपुरती द्या." ते थांबले. "मी माझ्यापुरतीच भिजवली होती."

मी कणकेचा डबाच उचलून त्यांच्या हातात दिला. तो छातीशी धरून ते उभेच राहिले. हसत होते आणि डोळे भरून आले होते, आणि यातलं काहीच लपवायचं त्यांना सुचत नव्हतं. "जा ना भोयरजी, पोट्टे भुकेजले असन," असं म्हणून मीच त्यांना दारातून परत फिरवलं. मग ह्यांनी विचारलं, काय झालं, रडतेस काहून? मी म्हटलं, काही नाही, केस वाळवून राहिली.